दीडपट प्रोटीन

वजनकाट्यावरून उतरता उतरता उपेंद्रने बायकोकडे अशी नजर टाकली, की तिने हातातलं उलथनं नकळत पाठीमागे लपवलं.

"सहाशे ग्रॅम वाढलं," तो म्हणाला. "प्रतिमा, खरं सांग. भाजीत बटाटा किसून घालतेस ना?"

"घरात बटाटा आहे कुठे? तुम्हीच सगळं खाली विठोजी अण्णांकडे नेऊन ठेवलंत. तांदूळ, पोहे, साबुदाणासुद्धा. मला तर तुमचाच संशय येतो. ऑफिसातून येताना डोसे हाणत असाल."

"मी?" उपेंद्र दुखावला. "प्रोटीन आज एकशे साठ ग्रॅम. वजन वाढलंय, म्हणजे गरजही वाढली."

"हे जरा जास्तच होतंय असं नाही वाटत?"

"हिशोबावर शंका नको."

उपेंद्रची रक्तातली साखर काठावर आली होती. महिन्यात तीन किलो उतरवा, नाहीतर गोळी सुरू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्या गोळीची उपेंद्रला भयंकर धास्ती होती. थोरल्या भावाला ती एकदा चिकटली ती चिकटलीच. म्हणून बेंगळुरूच्या जे. पी. नगरमधल्या त्या घरातून भात-पोळी हद्दपार झाली.

उपेंद्र विमानांच्या सरकारी प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होता. एखादं यंत्र स्वतःच्याच चुकीवर स्वार होऊन बेफाम सुटू नये, हे पाहणं त्याचं काम. असा माणूस जेवणात अंदाजपंचे कसं करणार? किलोमागे सव्वा ग्रॅम प्रोटीन, असं त्याने इंटरनेटवर वाचलं. विमानाचा भाग लागतो त्याच्या दीडपट मजबूत करतात, म्हणून प्रोटीनही दीडपट. सकाळी वजन करायचं, त्यावरून त्या दिवसाचा आकडा काढायचा आणि पनीर, अंडी, सोयाबीन, शेंगदाणे यांनी तो भरून काढायचा. पनीर कापून कापून प्रतिमाचा हात दुखायला लागला होता.

आता दोघेही एकमेकांवर पाळत ठेवू लागले. ती संध्याकाळी त्याचा शर्ट हुंगायची. तो आमटीत चमचा घालून तळाशी काही दडलंय का ते बघायचा. मग त्याच्या लक्षात आलं, की प्रतिमा रोज संध्याकाळी "देवळात" जाते, गुणगुणत परत येते आणि रात्री फारसं जेवत नाही. एकदा तो पावलं न वाजवता तिच्या मागे गेला. ती फाटकापर्यंत गेलीच नाही. तळमजल्यावर विठोजी अण्णांच्या घरात शिरली. उपेंद्रने खिडकीतून डोकावलं. अण्णांच्या पत्नी मथुरा अक्का तिला चित्रान्न, म्हणजे लिंबू पिळलेला फोडणीचा भात, वाढत होत्या.

"सापडलीस!"

"या की उपेंद्रराव," विठोजी अण्णा म्हणाले. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं. "स्वल्प चित्रान्न घ्या. तांदूळ तुमचाच आहे."

"अण्णा, ही चोरून भात खाते!"

"खाते!" प्रतिमा उसळली. "पण माझ्या पोटातला भात तुमच्या पोटात कसा जाईल?"

"मग माझं वजन वाढतं कसं? हिशोबात तर चूक असूच शकत नाही. अण्णा, तुम्हीच ऐका. सकाळी मी वजन करतो. त्यावरून प्रोटीन काढतो. तेवढं खातो. दुसऱ्या दिवशी वजन वाढलेलं असतं, म्हणून प्रोटीन वाढवतो. तेवढं खातो. मग वजन..."

उपेंद्र एकदम थांबला.

वाढीवर वाढ चढवत नेण्याच्या नेमक्या याच चुकीसाठी गेल्या आठवड्यात त्याने हाताखालच्या एका इंजिनिअरची भर मीटिंगमध्ये खरडपट्टी काढली होती. शाळकरी पोरही असं करणार नाही, असं म्हणाला होता. आणि घरी येऊन तो किस्सा प्रतिमाला दोनदा रंगवून सांगितला होता.

"मग वजन काय?" प्रतिमाने डोळे बारीक केले.

डॉक्टरांनी बजावल्यापासून उपेंद्रने डोशाकडे पाहिलंही नव्हतं.

"मग मी डोसे खातो," तो म्हणाला. "बाहेर. रोज. वर लोणी घालून."

"बघा अण्णा! म्हटलं नव्हतं मी?" प्रतिमाचा चेहरा उजळला. इतकी खूश ती कित्येक दिवसांत झाली नव्हती. "म्हणजे हिशोब बरोबर होता! मी उगाच शंका घेतली. अण्णा, तांदूळ इथेच राहू दे. उद्यापासून मी स्वतः यांना ऑफिसातून घेऊन येईन आणि समोर बसून दीडपट प्रोटीन खायला लावीन. एक ग्रॅम कमी नाही."

"सरी, ठीक आहे," अण्णांनी मान डोलावली.

मथुरा अक्कांनी उपेंद्रपुढे चित्रान्नाची बशी केली. प्रतिमाने ती अलगद आपल्याकडे ओढून घेतली.