साखरपुड्याचं पिल्लू

ज्ञानेश्वररावांनी व्याह्यांना पिल्लू कबूल केलं तेव्हा त्यांच्या कुत्रीला पिल्लं नव्हती, होणार नव्हती, आणि व्हावीत असं तिच्या मनातही कधी आलं नसावं. झालं असं, की धाड गावी त्यांच्या घरी मुलीच्या, निशिगंधाच्या लग्नाची बैठक बसली होती. संग्रामपूरहून भगवानराव आपल्या मुलासाठी, शिवमसाठी मुलगी पक्की करायला आले होते. पत्रिका पाहून झाली, मामकुळी म्हणजे आईकडचं कूळ विचारून झालं, कुठं नात्यात नातं येत नाही ना याची खात्री झाली आणि सुपारी फुटली. निघताना भगवानरावांची नजर ओट्यावर पसरलेल्या त्यांच्या लॅब्रॅडॉर कुत्रीवर, चिकूवर गेली.

"इवाईबुवा, मस्त कुत्री हाय हो! हिले पिल्लं झाली तं आमची आठवण ठेवा बरं."

"आठवण काय म्हणता! साखरपुड्याच्या दिवशी तुमच्या मांडीवर ठेवतो पिल्लू!"

ज्ञानेश्वररावांचं हे असंच. खतं-बियाण्यांचं दुकान चालवून चालवून जिभेला वळणच पडलेलं. दुकानात नसलेलं वाणही ते "गाडी रस्त्यात हाय" म्हणून सांगत. बोलून मोकळं व्हायचं, आणि मग रात्रंदिवस तळमळत बसायचं.

साखरपुडा संक्रांतीनंतर होता आणि अजून श्रावण चालला होता, म्हणून त्यांनी मनावर घेतलं नाही. पण भगवानरावांनी घेतलं. आठवड्याच्या आत फोन आला, की पिंजरा बनवायला टाकला. पुढचा फोन, की नर पाहिजे आणि नाव टायगर ठेवायचं. मग तर म्हणाले, गावात सगळ्यांना सांगून ठेवलंय, इवायाकडून लॅब्रॅडॉर येणार.

"आता भोगा," त्यांच्या पत्नी रेणुकाबाई म्हणाल्या. "पयलाच शब्द खोटा पडला तं पोरीले तिथं जल्मभर टोमणे ऐका लागतीन. 'तुह्या बापानं कुत्र्याचं पिल्लूबी देलं नाई' म्हंतीन."

हे ज्ञानेश्वररावांच्या काळजात रुतलं. एकुलती एक पोर, आणि तिला सासरी आपल्या तोंडामुळं खाली पाहावं लागणार! त्यांना दुकानात बसवेना, घरात करमेना. गिऱ्हाइकानं युरिया मागितला तर ते डीएपी काढून देऊ लागले. तेवढ्यात चिकू माजावर आली, आणि गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "खामगावले मंजुश्री मॅडम हायेत, कॉलेजात शिकवतात. त्याईच्याजवळ चांगला नर हाय. पण बाई कडक हाय बरं."

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको चिकूला गाडीत घालून बोथ्याच्या घाटानं खामगावला निघाले. ज्ञानेश्वररावांनी सोबत नारळ आणि पेढे घेतले. मुलीकडचे म्हणून आपण जातोय तर रिकाम्या हातानं कसं जायचं, असा त्यांचा विचार.

मंजुश्री मॅडमनी पेढे बाजूला ठेवले आणि चिकूच्या मागच्या पायांवरून हात फिरवला.

"हिचे आई-वडील कुठले?"

"तसं काही माहीत नाई. साळ्यानं आणून देली."

"खुब्यांचा एक्स-रे काढलाय?"

"कोणाच्या? माह्या?"

"चिकूच्या. आणि पिल्लं झाली तर ती कोणाच्या घरी जाणार? तुम्ही ती घरं पाहिली आहेत?"

"पाहाचं काय त्यात? एक इवायाले द्याचं, बाकीच्याईले लोकं रांग लावून हायेत."

"आणि सहा महिन्यांनी कोणाला नको झालं तर परत घ्याल?"

"देलेलं परत काऊन घेऊ?"

"मग इथंच थांबू," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "आधी एक्स-रे काढा, हाडं चांगली निघाली तर पुढचं बोलू. नाहीतर माझा राजस मी देणार नाही."

ज्ञानेश्वररावांची तळपायाची आग मस्तकात गेली. परतीचा घाट चढेपर्यंत ते धुमसत होते. "मुलाकडचे हायेत म्हणून एवढा तोरा? हाडाचे फोटो मांगते! लोकं माणसाच्या लग्नात मांगत नाईत!"

"अवं, तिले काळजी हाय जनावराची," रेणुकाबाई म्हणाल्या.

"काळजीनं पिल्लं होत असतात का?" असं म्हणून त्यांनी हॉर्न वाजवला. समोर कोणीही नव्हतं.

चिकूचा माज तर चार-आठ दिवसांत उतरणार. मग कोणीतरी जीवनचं नाव सांगितलं. गावाबाहेर जीवनचं टिनाचं शेड होतं, आणि बाहेर पाटी होती, 'सर्व जातीचे कुत्रे मिळतील'. जीवननं काही म्हणजे काही विचारलं नाही. "आणा, बांधा, संध्याकाळी घेऊन जा," एवढंच बोलला. ज्ञानेश्वररावांना बरं वाटलं. माणूस असावा तर असा.

शेडात एका कोपऱ्यात पिवळा नर साखळी ओढत होता. दुसऱ्या कोपऱ्यात एक म्हातारी दिसणारी कुत्री पडली होती, सडं जमिनीला टेकलेली, अंगावर केस कमी आणि माश्या जास्त. नराला पाहून ज्ञानेश्वरराव खूश झाले. आणि मग, सवय ती सवय, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "याची मामकुळी कोणती?"

"ही काय, इथंच हाय ना याची माय," जीवन कोपऱ्यातल्या कुत्रीकडं बोट दाखवत म्हणाला. मग त्यानं चिकूकडं नीट पाहिलं, तिचा उजवा कान उलटा करून आतला काळा ठिपका पाहिला आणि एकदम हसला. "अबे, हा तं आपलाच माल! तुमच्या साळ्यानं इथूनच नेली होती. हा अन् ही एकाच वेताचे."

"एकाच... म्हंजे भाऊ-बहीण?"

"हाव! म्हणून तं जोडी पाहा कशी सारखी दिसते!"

ज्ञानेश्वररावांनी चिकूचा पट्टा मागं ओढला. पोरीच्या वेळी दोन्हीकडच्या चुलतआज्यांचं माहेर एकाच गावचं निघालं म्हणून एक चांगलं स्थळ त्यांनी उंबऱ्यावरून परतवून लावलं होतं.

"अरे, असं कसं चालन बे?"

"कुत्र्याले काय समजते भाऊ नातं! याचा बापबी त्या मायचा भाऊच होता. माय बिचारी सालातून दोनदा पिल्लं देते, कवा खाडा नाई." जीवननं अभिमानानं सांगितलं. तेवढ्यात ती कोपऱ्यातली कुत्री उठायला गेली, मागचे पाय घसरले आणि ती पुन्हा बसली. चिकू तिच्याकडं पाहत शेपूट हलवत राहिली.

ज्ञानेश्वररावांना पुढं काही बघवलं नाही. त्यांनी चिकूला दोन्ही हातांनी उचललं, ती तीस किलोची होती तरी उचललं, आणि गाडीकडं जवळजवळ पळाले.

एक्स-रे निघाला. खुब्याचे दोन्ही सांधे उथळ होते. डॉक्टरांनी सांगितलं, जपलं तर चिकू आरामात जगेल, पण पिल्लांचं ओझं हिच्यावर घालू नका, आणि पिल्लांतही हेच उतरेल. रेणुकाबाईंनी चिकूचं डोकं मांडीवर घेतलं आणि पदरानं डोळे पुसले. ज्ञानेश्वरराव मात्र अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. चिकूबद्दल वाईट वाटतच होतं, पण भगवानरावांचा पिंजरा डोळ्यांसमोरून हटत नव्हता.

शेवटी मान खाली घालून ते पुन्हा खामगावला गेले आणि सगळं सांगून टाकलं. मंजुश्री मॅडमनी शेडातल्या त्या कुत्रीबद्दल दोन-तीनदा खोदून विचारलं, जीवनचा पत्ता लिहून घेतला. मग म्हणाल्या, "माझ्याकडं सध्या पिल्लं आहेत. एक नर कोणाला दिलेला नाही. तुमच्या व्याह्यांना चालेल का?"

"चालन म्हंजे! डोक्यावर घेऊन नाचतीन!"

"मात्र घर पाहिल्याशिवाय मी देत नाही."

"पाहा ना, पाहा! उद्याच चला! काही नाव ठेवाले जागा नाई त्या घरात!" ज्ञानेश्वररावांची जीभ पुन्हा घोड्यावर बसली.

संग्रामपूरला व्याह्यांनी पोह्यांचा घाट घातला होता. फाटकाजवळ उन्हात कोरा करकरीत पिंजरा उभा होता. शिवम इस्त्रीचा शर्ट घालून मोबाइल चाळत बसला होता. पिल्लू मॅडमच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळलेलं. ज्ञानेश्वरराव खुर्चीच्या टोकावर, कधी एकदा हातातून हातात जातंय याची वाट पाहत.

"दिवसभर घरी कोण असतं?" मॅडमनी सुरुवात केली.

"कुत्र्याले कोण लागते?" भगवानराव हसले. "तो त्याच्या पिंजऱ्यात, आम्ही आमच्या कामात."

"याआधी पाळला होता?"

"तीन! टायगर, मंग दुसरा टायगर, मंग तिसरा. एक गाडीखाली गेला, एक घर सोडून पयाला, एक असाच आजारी पडून गेला."

"आजारी होता तेव्हा दवाखान्यात कोणी नेलं होतं?"

भगवानरावांनी बायकोकडं पाहिलं, विहीणबाईंनी शिवमकडं, शिवमनं मोबाइलकडं. "आमच्या घरी दवाखान्याचं कौतुक नाई," भगवानराव म्हणाले. "हिले टायफाइड झाला होता. पंधरा दिस अंगात ताप, पण सैपाक सोडला नाई एक दिस! विचारा."

"हो ना," विहीणबाई मान खाली घालून म्हणाल्या. "कोण करणार मंग?"

ज्ञानेश्वररावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

मॅडम शिवमकडं वळल्या. "रोज फिरवून तुम्ही आणाल ना याला?"

"आई आणीन."

"खाणं?"

"आईच."

"मध्यरात्री रडायला लागला तर?"

"मले नाई जमत, माही झोप मोडते," शिवम प्रामाणिकपणे म्हणाला. "आई पाहीन ना."

मॅडम उठल्या. टॉवेल नीट गुंडाळला. "माफ करा. पिल्लू या घरी मला देता येणार नाही."

भगवानरावांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ते मोठ्यानं हसले. "अवं बाई, कुत्रं मांगून राह्यलो, पोरगी थोडीच मांगून राह्यलो! पोरगी तं इवायानं कवाच देली! काहो इवाईबुवा?"

सगळे ज्ञानेश्वररावांकडं बघू लागले. एरवी अशा वेळी त्यांच्या तोंडून चार शब्द जास्तच निघाले असते. आज त्यांनी नुसते हात जोडले आणि ते गाडीत जाऊन बसले.

मॅडमना खामगावला सोडलं, घाट ओलांडला, धाड आलं. ज्ञानेश्वररावांची बेचैनी आता वेगळ्याच ठिकाणी दुखत होती. पिल्लासाठी त्या बाईनं किती विचारलं! आणि आपण काय विचारलं होतं? पत्रिका, मामकुळी, जमीन, मुलाची नोकरी. घरात आजारी माणसाचं काय करता, हे विचारायचं कुणाला सुचलंही नाही.

घरी निशिगंधा दुकानाचा हिशोब आवरत होती. ते तिच्यासमोर उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले.

"निशे, बैठकीत तुले त्या पोराले काही विचाराचं होतं का व?"

"विचाराचं तं लय होतं," ती म्हणाली. "पण मले तुम्ही चहाचा ट्रे देऊन पाठवलं होतं बाबा. चहा देला आन् परत आली."

ज्ञानेश्वररावांना गलबलून आलं. त्यांनी खिशातून मोबाइल काढून तिच्यापुढं धरला. "मंग आता विचार. जे मनात हाय ते समदं विचार. लाजू नको."

निशिगंधानं क्षणभर बापाकडं पाहिलं. मग स्वतःचा फोन घेऊन ती अंगणात गेली. दाराआड रेणुकाबाई आणि ज्ञानेश्वरराव कान लावून उभे.

"हॅलो, शिवम? दोन गोष्टी विचाराच्या होत्या... मी आजारी पडली तं दवाखान्यात कोण नेईन? ... आई? ... आन् आईच आजारी पडल्या तं? ... बरं. मी नोकरी केली तं सांजचा सैपाक कोण करीन? ... तुम्ही काऊन नाई? ... नाई, मी मज्याक करून नाई राह्यली... बरं, विचारा बाबाले आन् सांगा. घाई नाई. सांगेपर्यंत साखरपुड्याची तयारी थांबवून ठेवते."

रेणुकाबाईंनी तोंडावर पदर धरला, हसू आवरण्यासाठी की भीतीनं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दहाएक मिनिटांत ज्ञानेश्वररावांचा फोन वाजला. भगवानरावांचाच. आवाज चढलेला.

"हे काय हो इवाईबुवा? आमच्या शिवमले घाम फोडला तुमच्या पोरीनं! साखरपुडा थांबवते म्हंते! सुपारी फुटली हाय, समद्या तालुक्याले माहीत हाय! आता लोकाईले काय सांगू मी?"

ज्ञानेश्वररावांनी भिंतीला टेकून फोन दोन्ही हातांनी धरला.

"सांगा, मुलीकडचे मुलाची चौकशी करून राह्यले. आठ दिसांनी आम्ही परत येतो. या वक्ती निशिगंधा संग येईन, आन् विचाराचं काम तीच करीन. तिले पटलं तं पाहू, नाई पटलं तं रामराम."

पलीकडं कुजबूज झाली, भांड्याचा आवाज आला, विहीणबाई काहीतरी ठासून बोलल्या. मग भगवानरावांचा आवाज आला, एकदम खालच्या पट्टीत.

"इवाईबुवा, काय काय विचारणार हायेत, ते आधी सांगून ठेवता का? म्हंजे तशी तयारी करून ठेवू आम्ही."