भावजींची वाऱ्याची युक्ती

अरे थांब, फोन ठेवू नकोस! आत्ता काय झालंय ते आधी ऐक. हळू बोलतोय, कारण मी मैदानामागच्या सामानाच्या खोलीत आतून कडी लावून बसलोय. बाहेर सासरे हाका मारतायत.

पहिल्यापासून सांगतो. मी तिरंदाजीच्या क्लबात जातो ना (हसू नकोस), तो क्लब माझे सासरेच चालवतात. तिथे त्यांना सगळे ‘सर’ म्हणतात, मीसुद्धा. घरी जेवताना एकदा ‘सर, जरा भाजी वाढा’ म्हणालो होतो. तर टीममध्ये एक जागा रिकामी झाली आणि तिच्यासाठी उरलो दोघंच. एक मी, दुसरा माझा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. आणि ऑफिसात मी आधीच सांगून बसलो होतो की माझी निवड झाली! स्पर्धेसाठी रजा टाकली, साहेबांनी सगळ्यांसमोर अभिनंदनही केलं.

एरवी मी बरा मारतो रे. पण वारा सुटला की माझा बाण चुकीच्या लग्नात शिरलेल्या पाहुण्यासारखा भलतीकडेच जाऊन बसतो. म्हणून ठरवलं, घरीच वाऱ्याचा सराव करू. बस, एवढंच ठरवलं होतं.

बायको कामावर गेली की बेडरूममधली गादी भिंतीला उभी करायची, मधल्या दाराशी पंखा आडवा, फुल स्पीडवर, आणि हॉलच्या टोकाला सोफ्यावर चढून मी. (पंख्याने बाण हलत नाही, फक्त पडदा तोंडावर येतो, हे फार उशिरा कळलं.) बायकोला सांगायची सोय नव्हती. शेवटी ती त्याची ताई! रोज संध्याकाळी बाल्कनीचं दार लोटून भावाशी कुजबुजायची. मी उगाच कुंडीला पाणी घालायला गेलो की एकदम, "बरं, ठेवते." तूच सांग, संशय येणार नाही?

तिलाही येत होताच म्हणा.

"पंखा गरम कसा?"

"उकडत होतं."

"आणि गादीला ही भोकं कसली?"

"ढेकूण."

"एवढी?"

"मोठे आहेत."

दुसऱ्याच दिवशी तिने पेस्ट कंट्रोलवाल्याला आणून उभं केलं. त्याने बॅटरी मारली, भोकात दोन बोटं घातली आणि बाणाचं निखळलेलं टोक काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"साहेब, तुमच्याकडचे ढेकूण शिकारीला जातात का?"

तो गेला आणि बायको माझ्यासमोर येऊन बसली. म्हटलं, आता आपली धडगत नाही. पण ती ओरडलीच नाही! गोड आवाजात म्हणाली, "मग? जमतंय का वाऱ्यात? नेम कसा धरतोस?"

गोड आवाजात! हा आवाज मी फक्त ती तिच्या मॅडमकडे सुट्टी मागते तेव्हा ऐकलाय. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हेरगिरी! म्हटलं, असं काय? मग घ्या. आता वारा डावीकडून आला की बाण उजवीकडे ढकलला जातो, म्हणून नेम थोडा डावीकडे धरायचा, हे शेंबडं पोरही सांगेल. मी बरोब्बर उलटं सांगितलं.

"हे बघ, झेंडा उजवीकडे फडफडला ना, की नेमही उजवीकडेच धरायचा. वाऱ्याशी भांडायचं नाही. त्याच्यासोबत जायचं."

"नक्की ना?"

"अगदी. पण मी सांगितलं असं कुणाला बोलू नकोस हं."

ती लगेच बाल्कनीत. दार लोटलं. मी उशीत तोंड खुपसून हसलो. मेहुणा फसणार याची खात्री होती. बापाचं सोडून जगात सगळ्यांचं ऐकतो तो.

आज निवड होती. बायकोही सुट्टी काढून बघायला आली होती. वारा असा की झेंडा उजवीकडे ताठ! माझ्या डाव्या हाताच्या टार्गेटवर मेहुणा. त्याने झेंड्याकडे पाहिलं, मला डोळा मारला आणि नेम उजवीकडे धरला. मला इतका आनंद झाला! बाण सुटला. थेट मधोमध.

म्हटलं, नशीब. दुसरा सोडला. मधोमध.

मग मी. शास्त्रशुद्ध डावीकडे नेम. बाण सुटला, डावीकडे वळला, वळतच राहिला आणि मेहुण्याच्या टार्गेटच्या ऐन मध्यात घुसला. आयुष्यातला माझा सगळ्यात देखणा बाण! दुसऱ्याच्या टार्गेटवर, म्हणून शून्य.

तेव्हा कुठे मी खाली बघितलं. वर झेंडा उजवीकडे, आणि खाली गवतातली वाळकी पानं डावीकडे पळत होती! मैदानाच्या उजव्या अंगाला ती नवी उंच भिंत झालीय ना, वारा तिच्यावर आपटून खालून परत येत होता. आणि बाण काय झेंड्याच्या उंचीवरून जातात थोडेच?

झाली मेहुण्याची निवड. एवढ्यावर भागलं असतं तर मी निमूट घरी जाऊन रडलो असतो. पण त्याने धावत येऊन मला मिठीच मारली आणि ओरडला, "ही भावजींची युक्ती! मला खरी सांगितली आणि स्वतः मुद्दाम उलटं मारलं!"

बायकोच्या डोळ्यांत पाणी. "बाबा, मी रोज याला फोनवर विनवत होते, या वेळी माघार घे, तुझ्या भावजींची फार इच्छा आहे. आणि इकडे हा! वर म्हणतो कसा, माझं नावही सांगू नकोस!"

मला तिथल्या तिथे ढेकूण व्हावंसं वाटलं.

आणि सासरे! लग्नाच्या फोटोतसुद्धा माझ्यापासून हातभर लांब उभे आहेत ते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भिंतीचा वारा मलाही ओळखता आला नाही. तू टीमबरोबर स्पर्धेला यायचंस, वाऱ्याचा सल्लागार म्हणून. चल, आता सगळ्यांना समजावून सांग."

सगळे माझ्याभोवती कोंडाळं करून बसले. मी बोट ओलं करून वर धरलं. सगळ्यांनी धरलं. "आलोच," म्हणालो आणि इथे येऊन कडी लावली.

खरं सांगितलं तर बायको, सासरे, ऑफिस, सगळीकडे तोंड काळं. नाही सांगितलं तर स्पर्धेत अख्खी टीम माझ्या बोटाकडे बघून बाण सोडणार! थांब, दाराशी सासरे आलेत. काय म्हणतायत ऐक, "जावईबापू, आत वारा कुठला? बाहेर या!"

लवकर बोल ना. तू काय केलं असतंस?