शेवटचा हात

“दहा मिनिटांचं काम आहे गं! तुझी बॅग भरून होते न होते तोच मी मोकळा!”

वंगणरावांनी हे छातीठोकपणे सांगितलं तेव्हा त्यांची बायको पलंगावर बसून इवल्या इवल्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. तिने मानसुद्धा वर केली नाही. नवऱ्याची दहा मिनिटं तिला चांगली ठाऊक होती. एकदा असेच दहा मिनिटांत येतो म्हणून ते आतल्या खोलीत गेले होते, आणि पाहुणे येऊन, जेवून, गप्पा मारून परत गेले तरी बाहेर आले नव्हते!

आता वंगणराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला हा सरळमार्गी माणूस. पण कित्येक वर्षं घरातल्या खिडकीजवळच्या टेबलावरून एका भल्यामोठ्या सॉफ्टवेअरची सेवा करत होता. नकाशे काढायचं सॉफ्टवेअर. जगभरातले लोक मिळून ते लिहितात, कुणी त्याचा पैसा घेत नाही, आणि ज्याला हवं त्याने खुशाल वापरावं. त्यात हुशार मंडळी नवनवीन करामती घालतात आणि टाळ्या घेतात. वंगणराव काय करायचे? तर सेटिंगच्या फायली सांभाळायचे! कुठला तुकडा आधी जोडायचा, कुठला नंतर, म्हणजे सगळं मिळून एक धड सॉफ्टवेअर उभं राहील. मदतीचं कुठलं पान कुठल्या मथळ्याखाली दिसेल, म्हणजे वापरणारा भांबावणार नाही. नाटकात पडदा ओढणाऱ्याचं कुणी कौतुक करत नाही, पण पडदा अडकला की सगळे त्याच्याच नावाने ओरडतात. तसलं काम! कुठे काही कुरकुरलं की यांना हाक. म्हणून मेहुण्याने एकदा चेष्टेत ‘वंगणराव’ म्हटलं, आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

या वंगणरावांनी तिथे एक नियम करून ठेवला होता, आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! व्हायचं काय, की लोक फायलीत हात घालायचे, काहीतरी बिघडवायचे आणि पसार व्हायचे. म्हणून यांनी एक आपोआप चालणारा चौकीदार बसवला. माणूस नव्हे हो, प्रोग्रॅम! एखाद्या फायलीबद्दल तक्रार आली की चौकीदार बघणार, हिला शेवटचा हात कुणाचा लागला, आणि तक्रार थेट त्याच्या गळ्यात!

“ज्याचा शेवटचा हात, त्याची जबाबदारी!” हे वाक्य ते घरातही ऐकवायचे. दूध उतू गेलं, नळ ठिबकत राहिला, की लगेच, “शेवटचा हात कुणाचा?” बायको बिचारी ऐकून घ्यायची. पण बायका विसरत नसतात, हे वंगणरावांना कुणी सांगितलं नव्हतं.

तर आता मुद्द्याचं. परगावी राहणारी लेक नुकतीच बाळंत झाली होती. मुलगी! पहिलंच नातवंड! संध्याकाळच्या बसने दोघांनी निघायचं, दोन महिने राहायचं, असं ठरलं होतं. पण लेकीने फोनवर एक अट घातली होती. अट घालायला तिला कारणही होतं. तिच्या लग्नाच्या दिवशीच नेमकी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघायची होती, आणि ती निरोप घ्यायला आली तेव्हा बाप रिकाम्या खुर्च्यांच्या ढिगामागे, मांडीवर लॅपटॉप घेऊन सापडला होता.

“बाबा, बाळाला बघायला या,” लेक म्हणाली होती, “पण पूर्ण या. अर्धे येणार असाल तर नका येऊ.”

हे वाक्य वंगणरावांच्या काळजात रुतलं होतं. मागच्या खेपेला चुकलो, या खेपेला चुकलो तर ती पुन्हा बोलावणार नाही, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी निर्णय घेतला. सोडायचं! सगळं सोडायचं!

वारसही तयार होती. दाताच्या एक डॉक्टरीणबाई. त्या दोन पेशंटच्या मधल्या वेळात याच प्रोजेक्टचं काम करायच्या, आणि काम असं चोख की वंगणरावांनासुद्धा खोट काढता येऊ नये! त्या आनंदाने हो म्हणाल्या. आता उरलं ते किरकोळ. प्रत्येक सेटिंगच्या फायलीत सगळ्यात वर ‘अडलं तर यांना विचारा’ अशी ओळ होती, आणि तिथे वंगणरावांचं नाव. ते पुसून बाईंचं घालायचं. फायली ढिगाने, पण वंगणरावांनी एका फटक्यात सगळ्या बदलणारा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. दाबलं बटण! झालं!

आपल्या बदलाला आपणच मंजुरी द्यायची नाही, दुसऱ्या कुणीतरी द्यायची, असा तिथला रिवाज. त्यांनी बाईंना फोन लावला.

“आ करा, मोठा आ! अहो नाही, तुम्ही नाही, माझे पेशंट! हं, बघितला तुमचा बदल. छान आहे. मंजूर!”

वंगणराव खुर्चीत मागे रेलले. अगदी हलकं हलकं वाटलं. “अगं, सुटलो!” त्यांनी आरोळी ठोकली.

टिंग!

फोनवर निरोप आला. मदतीच्या पानावरचं चित्र दिसत नाही, कृपया बघावे. चौकीदाराकडून. टिंग! जोडणीत एक तुकडा सापडत नाही, कृपया बघावे. टिंग! टिंग! टिंग!

“ही भुतं अजून माझ्याच मानगुटीवर का?” म्हणत वंगणरावांनी चष्मा पुसला. आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! नाव पुसायला प्रत्येक फायलीत हात कुणी घातला? यांनी! मग प्रत्येक फायलीवर शेवटचा हात कुणाचा? यांचाच! इतकी वर्षं निदान निम्म्या फायलींना दुसऱ्या कुणाचा तरी हात लागलेला असायचा. आता एकूण एक फाईल यांची! चौकीदार इमानी होता. धन्याने शिकवलं तेच तो करत होता.

“हात्तिच्या! आहे तसं उलटं फिरवू,” वंगणराव म्हणाले, आणि केलेला बदल त्यांनी घाईघाईने रद्द केला. मंजुरीला सातासमुद्रापलीकडचे प्रोजेक्टचे प्रमुख टपूनच बसले होते. त्यांनी तत्काळ ‘मंजूर’ केलं.

आता सांगा, रद्द करायलासुद्धा प्रत्येक फायलीत पुन्हा हात घालावा लागतो की नाही? म्हणजे झालं काय? फायलींवर पुन्हा यांचं नाव, आणि वर शेवटचा हातही यांचाच! आगीतून निघाले ते थेट फुफाट्यात!

त्यात प्रमुखांनी सगळ्यांना जाहीर निरोप धाडला, ‘आमचे ज्येष्ठ मित्र निवृत्त होणार अशी अफवा होती. पण त्यांनी तर आज एकाच दिवसात सगळ्या फायलींना दोनदा हात लावला! उत्साह पाहा! यापुढे सगळं तेच बघणार!’ झालं! अभिनंदनाचा पाऊस पडला. कुणी टाळ्यांची चित्रं पाठवली, कुणी म्हणालं तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय, आणि जो तो आपली जुनी, कुजलेली तक्रारही हळूच पुढे सरकवू लागला. फोन टेबलावर थरथरत थरथरत कडेला जायला लागला.

तेवढ्यात बायको आत आली. तिने फोन उचलून वाचला, आणि तिचा चेहरा पडला.

“अभिनंदन? यापुढे सगळं तुम्हीच बघणार? सोडतो सोडतो म्हणत सगळ्या गावाचं ओझंच डोक्यावर घेतलंत की!”

“अगं, तसं नाही गं! मी सोडायला म्हणून हात लावला, तर…”

“राहू द्या. मी जाते एकटी. पोरीला सांगते, बाबा कामात आहेत. तिला काय, सवय आहे!”

आणि नेमका त्याच क्षणी लेकीचा फोन! “बाबा, निघताय ना?” मागे बाळाचं कुरकुरणं ऐकू येत होतं. वंगणराव “हो हो” म्हणेपर्यंत टिंग, टिंग, टिंग! पलीकडे लेकीने ते ऐकलं. मग हळूच म्हणाली, “ठीक आहे, बाबा.” आणि फोन ठेवला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ते ‘ठीक आहे’!  वंगणरावांनी तडक डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“बाई, घात झाला! चौकीदार बंद करावा लागेल! मी करतो, तुम्ही मंजुरी द्या!”

“अहो, माझ्या हातात दात आहे!”

“कधी मोकळ्या व्हाल?”

“दाताला विचारा! अर्धा बाहेर आलाय, अर्धा ऐकत नाहीये!” मागून पेशंटचं “आँ… आँ…” ऐकू आलं. वंगणरावांनी घडाघडा सगळी हकिगत सांगितली. पेशंटही बहुधा ऐकत असावा, कारण मध्येच तो कळवळल्यासारखा हुंकारला.

घड्याळ पुढे पळत होतं. बायको बॅगा घेऊन दारात उभी होती, चपला घालून. लॅपटॉपवर तक्रारींचा डोंगर वाढत होता. वंगणरावांनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे पाहिलं. मग खाडकन लॅपटॉप मिटला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि किल्ली बायकोच्या हातात दिली.

“चल!”

“आणि ते सगळं?”

“बोंबलू दे! लोकांच्या शिव्या खाईन. पण पोरीचं ‘ठीक आहे’ मला पुन्हा ऐकवणार नाही!”

 बायकोने किल्ली पर्समध्ये टाकली आणि जड बॅग आपणहून स्वतःकडे घेतली.

स्टँडवर गाडी लागलेली होती. वंगणरावांनी पायरीवर पाय ठेवला आणि खिशातला फोन वाजला. तो टिंग नव्हता, डॉक्टरीणबाई होत्या!

“दात निघाला! आणि ऐका, तुमचाच तो प्रोग्रॅम मी माझ्याकडून चालवला. तुमचं नाव पुसलं, माझं घातलं. काम तेच, फक्त हात माझा! आता सगळ्या फायलींवर शेवटचा हात माझाच. तुम्ही तेवढं ‘मंजूर’ करा आणि जा नातीकडे!”

वंगणराव पायरीवरच थिजले. इतकं सोपं होतं! आपण सोडल्यावर कसं चालेल याची आपणच नीटनेटकी व्यवस्था लावायला गेलो, हेच चुकलं! सोडायचं तर दुसऱ्याला हात घालू द्यावा लागतो.

“काका, चढताय की फोटो काढू?” कंडक्टर खेकसला.

त्यांनी ‘मंजूर’ दाबलं. फोन एकदा थरथरला आणि शांत झाला. वर्षानुवर्षांत इतका शांत कधी झाला नव्हता. बायकोशेजारच्या सीटवर बसून वंगणरावांनी हळूच डोळे टिपले, आणि बायकोने खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं.

सकाळी लेकीने दार उघडलं. आधी बापाच्या बॅगेकडे पाहिलं.

“लॅपटॉप?”

“कपाटात. किल्ली तुझ्या आईकडे.”

“आणि फोन?”

“मुका झालाय.”

लेकीचे डोळे भरून आले. “पूर्ण आलात, बाबा,” ती म्हणाली, आणि दुपट्यात गुंडाळलेलं ते बोचकं तिने त्यांच्या हातात ठेवलं. नात टुकुटुकु बघत होती. वंगणरावांना वाटलं, आयुष्याचं सार्थक झालं! ना फायली, ना तक्रारी, ना जबाबदारी!

तेवढ्यात त्यांच्या शर्टाला काहीतरी कोमट लागलं. मग पसरलं. मग वासही आला!

“अगं, अगं! घे हिला जरा!” त्यांनी बाळ बायकोपुढे धरलं.

बायकोने दोन्ही हात शांतपणे पाठीमागे नेले. इतक्या वर्षांचं उतू गेलेलं दूध आणि ठिबकलेले नळ तिच्या चेहऱ्यावर झळकत होते.

“शेवटचा हात कुणाचा?” तिने विचारलं.

“नियम म्हणजे नियम, बाबा!” लेक म्हणाली आणि कोरडा लंगोट त्यांच्या खांद्यावर टाकून दोघी चक्क चहा करायला आत गेल्या!

“अगं पण मला येत नाही! काही माहिती? मदतीचं एखादं पान?”

“नसतं हो!” आतून हसण्याचा आवाज आला.

मग काय! जन्मभर दुसऱ्यांची जोडणी नीट लावणाऱ्या वंगणरावांनी, कुणाचीही मंजुरी न घेता, लंगोट उलटा बांधला. नातीने लगेच ठणठणीत आवाजात तक्रार नोंदवली. आणि ती अर्थातच थेट त्यांच्याकडेच आली!