ऊन भाड्याने मिळेल

विश्वनाथरावांनी धंदा काढला तो काही पैशासाठी नाही. पेन्शन वेळेवर येत होती आणि एकट्या माणसाला लागतं तरी किती? पण रिटायर माणसानं 'घरात करमत नाही' म्हटलं की लोक त्याला देवळाचा रस्ता दाखवतात, आणि 'धंदा करतो' म्हटलं की निदान बसायला खुर्ची तरी देतात. (देऊळ त्यांनी आठवडाभर करून पाहिलं होतं. तिथे सगळे आपापल्या गुडघ्यांबद्दल बोलत होते.)

त्यांच्या बायकोला, यमुताईंना, जाऊन वर्ष होत आलं होतं. रामदासपेठेतल्या त्या बैठ्या घरात दिवसभर काय तो कूलर बोलायचा. रविवारी हैदराबादहून मुलाचा फोन यायचा. "बाबा, घर विका आणि इकडे या." विश्वनाथराव "पाहू" म्हणायचे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तेच व्हायचं.

धंद्याची कल्पना दिली समोरच्या फ्लॅटमधल्या वैभवीनं, तीही नकळत. एप्रिलात ती फाटकाशी येऊन म्हणाली, "काकाजी, तुमच्या गच्चीवर कुरड्या टाकू का? आमच्या सोसायटीनं गच्चीला कुलूप लावून ठेवलं. बाल्कनीत ऊन दहा मिनिटं येते अन् निघून जाते."

विश्वनाथरावांच्या डोक्यात उजेड पडला. नागपूरच्या उन्हाळ्यात जे फुकट, ढीगभर आणि सगळ्यांना नकोसं असतं, तेच विकायचं. तिसऱ्या दिवशी फाटकावर पाटी लागली: 'येथे ऊन भाड्याने मिळेल. पाखरं हाकलण्याची सोय आहे.'

गल्ली दोन दिवस हसली आणि मग परातीच घेऊन आली. यमुताईंची मैत्रीण प्रयागबाई पाटी वाचून म्हणाली, "यमु असती तं पहिले तुमालेच वाळत घातलं असतं, भाऊजी."

गच्चीवर जायला मागून एक जिना होता. तो विश्वनाथरावांनी गंजल्याचं कारण सांगून बंद ठेवला. गिऱ्हाईक बैठकीतून गेलं पाहिजे, जाताना माठातलं पाणी प्यालं पाहिजे, आणि पाणी पिताना माणूस दोन वाक्यं तरी बोलतोच, असा त्यांचा सगळा हिशेब होता. भाडं घ्यायला ते बरेचदा विसरत. 'उद्या येता का पण?' हे विचारायला मात्र कधी विसरले नाहीत.

प्रत्येकीची वेगळी साडी अंथरायची, चार कोपऱ्यांना विटा ठेवायच्या, एका विटेखाली नावाची चिठ्ठी. डोक्याला ओला दुपट्टा बांधून, हातात काठी घेऊन विश्वनाथराव छत्रीखाली बसत आणि कावळ्यांशीसुद्धा साहेबी आवाजात बोलत.

आता त्या डब्याबद्दल सांगायला हवं. स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक पत्र्याचा डबा होता. त्यात यमुताईंच्या हातच्या शेवटच्या कुरड्या होत्या. वर्षभरात विश्वनाथरावांनी त्यातली एकही तळली नव्हती. तळली की ती संपली, आणि पुन्हा करणारं कोणी नाही.

मे महिन्यात एका सकाळी डबा उघडला तर आत बारीक किडे. मग त्यांना आठवलं, की आपण तर उन्हाचे व्यापारी. त्यांनी निवडून-झटकून त्या कुरड्याही एका साडीवर पसरल्या. (नावाची चिठ्ठी लावली नाही. आपल्या बायकोच्या कुरड्या आपल्याला ओळखू येणार नाहीत की काय?)

दुपारी साडेतीनला वावटळ आली. विश्वनाथरावांचा तेव्हा छत्रीखाली डोळा लागला होता. उठून पाहतात तो साड्या कठड्यावर, चिठ्ठ्या शेजारच्या अंगणात, आणि सगळ्या गच्चीभर कुरड्याच कुरड्या. त्यांनी गुडघ्यांवर रांगत दिसेल ती कुरडई एका चादरीत भरली, गाठ मारली आणि बैठकीत आणून ठेवली. मग दाराशी बसून ते गिऱ्हाइकांची वाट पाहू लागले. पहिल्यांदाच कोणी येऊ नये असं त्यांना वाटत होतं.

पाच वाजता त्या दिवशीची तिन्ही गिऱ्हाइकं आली: वैभवी, प्रयागबाई आणि कोपऱ्यावरची जिजाबाई. गाठोडं पाहून जिजाबाईनं कपाळाला हात लावला. "हे काय करून ठेवलं जी?"

"तुमच्या तुम्ही घेऊन जा," विश्वनाथराव म्हणाले. "पण यात यमुच्या आहेत. त्या तेवढ्या मला शोधून द्या."

प्रयागबाई हळू आवाजात म्हणाली, "कशा दिसत होत्या तिच्या?"

विश्वनाथराव विचार करू लागले. अडतीस वर्षं त्यांनी त्या कुरड्या पेपर वाचता वाचता खाल्ल्या होत्या. "गोल," ते म्हणाले. "पांढऱ्या."

"ह्या समद्याच गोल अन् पांढऱ्या आहेत, भाऊजी."

"चवीनं ओळखीन मी. तिचा हात मिठाला आखडता. अडतीस वर्षं मी तिला तेच सांगत होतो."

प्रयागबाईनं कढई चढवली. पहिली कुरडई फुलली. विश्वनाथरावांनी डोळे मिटून चावली. "हीच. मीठ कमी."

"काकाजी, ती माझी आहे," वैभवी म्हणाली. "मी दुहेरी वेढा देते."

दुसरी. "मग ही. अगदी अळणी आहे."

"ती माही होय," जिजाबाई म्हणाली. "अळणी काहून म्हणता?"

तिसरीही त्यांनी यमुताईंचीच ठरवली. ती प्रयागबाईची निघाली. विश्वनाथराव उठून कूलरपाशी जाऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांच्या संसारात एक कुरडई ओळखू येऊ नये, याची त्यांना फार लाज वाटली.

बायकांनी मग वेळ घालवला नाही. चादर पसरून वेढे पाहत त्या निवडायला बसल्या. निवडता निवडता सुनांवर बोलून झालं, सोसायटीवर बोलून झालं, दोनदा चहा झाला. वर्षभरात त्या बैठकीत एवढा आवाज झाला नव्हता. दिवेलागणीला तीन ढीग लागले आणि एक लहानसा चौथा उरला, कोणीच न मागितलेला.

प्रयागबाईनं त्यातली एक तळली, तुकडा तोंडात टाकला आणि तशीच मोरीकडे पळाली. चूळ भरून आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"यमुचीच हाय. मीठ मीठ नुसतं. दरसाली म्हणे, 'ह्यायले अळणीच लागते वं, यंदा चिमूटभर अजून टाकतो.' चिमूट चिमूट करत कुठं नेऊन ठेवलं तिनं. तरीच तुमचं बीपी उतरत नव्हतं."

विश्वनाथरावांनी उरलेला तुकडा उचलला आणि सावकाश चावला. तिघी त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या. त्यांचे डोळे भरून आले.

"हीच," ते म्हणाले. "यमुचीच."

आणि मग, अडतीस वर्षांची जिभेची सवय, तोंडून निघून गेलंच:

"मीठ जरा कमी आहे."