सुटा अंक न घेणारे अंबादासराव

एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यासमोर अंबादासराव दोन्ही कानांत बोटे घालून ओरडत होते, "मंगळवेढा! वेळापूर! करमाळा!" गाड्याशी उभे असलेले दोन तरुण 'लोहभैरव'च्या नव्या अंकाविषयी बोलत होते. त्यातले एक अक्षरही कानी पडू नये म्हणून समोर दिसतील त्या बसच्या पाट्या मोठ्याने वाचण्याचा उपाय अंबादासरावांनी योजला होता. तेवढ्यात डोक्यावर गाठोडे घेतलेल्या एका बाईंनी त्यांची बाही ओढली.

"ओ कंट्रोलर, करमाळा कुटं लागलीया?"

अंबादासरावांना प्रश्न अर्थातच ऐकू आला नाही. ते "वेळापूर!" असे गरजले आणि त्यांनी मान ज्या दिशेला वळवली होती, त्या बसमध्ये बाई जाऊन बसल्या. त्यांना खाली उतरवण्याचे काम अंबादासरावांबरोबर आलेल्या माझ्याकडे आले. वास्तविक मी अनोळखी माणसाला वेळसुद्धा विचारत नाही.

लोहभैरव हा हिंदी कॉमिकमधला लोखंडी हाताचा वीर. त्याचा एक पातळ अंक दर महिन्याला निघे आणि सहा अंक झाले की त्यांचा एक जाड खंड बांधून येई. आमचे शेजारी अंबादासराव फक्त खंड घेत. साठी उलटलेल्या गृहस्थाने चित्रांची पुस्तके वाचावीत की नाही, हा वाद मी काढणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. वर्षातला बहुतेक काळ ते वाचत नसत, केवळ वाचायचे थांबलेले असत, आणि या थांबण्याचा त्यांना एखाद्या तपस्व्यासारखा गर्व होता.

त्यांची हयात सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागांवर जॉबर म्हणून, माग दुरुस्त करण्यात गेली. त्यामुळे त्यांचे सगळे तत्त्वज्ञान मागावर विणलेले आहे. "ओ सर, कापडाचा ताका पुरा झाल्याबिगर मागावरनं उतरवतो का कुणी? अर्ध्या ताक्याला गिऱ्हाईक विचारतंय का? सुटा अंक म्हंजे चिंधी की ओ!"

याच न्यायाने ते वर्तमानपत्र आठवडाभर साठवून रविवारी एकदम वाचतात. त्यामुळे शुक्रवारचा बंद त्यांना रविवारी कळतो आणि ते सोमवारी दुकाने उघडी पाहून समाजाच्या ढिलाईवर टीका करतात. लग्नाला ते थेट पंगतीला येतात. "मधलं काय बघायचं? शेवट जेवणातच हाय." आणि आपल्या मताला पुरावा म्हणून नळाकडे बोट दाखवतात. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांचे साठून एकदम येते. "बघा सर, पाणीबी खंडातच येतंय. मरतोय का आपण?" यावर सोलापूरकराने काय बोलावे?

या तत्त्वाची सर्वांत मोठी किंमत त्यांच्या मुलीने मोजली. भाग्यश्री लग्न होऊन सुरतेला गेली. लोहभैरवाचे वेड तिलाही आहे, पण ती पडली सुटे अंक घेणारी. दर महिन्याला ती उत्साहाने फोन करी, "नायना, या वेळी लोहभैरव..." आणि नायना, म्हणजे तेलुगूत बाबा, फोन कापत. पत्नी गेल्यानंतर बाप-लेकीत बोलण्यासारखा दुसरा विषयही फारसा उरला नव्हता. खंड आला की मात्र ते तासभर बोलत. मुलीशी बोलणेही त्यांनी असे जाड बांधणीत ठेवले होते. हळूहळू तिचे मधले फोन थांबले. अंबादासरावांनी याला शिस्त म्हटले.

मग एके दिवशी गाडेवाल्याने सांगितले, "चाचा, खेल खतम. आखरी अंक निकल गया, अब कंपनी जाडा किताब नई निकालती." सुटे अंक कधीच विकले गेले होते. मागच्या खंडाच्या शेवटी लोहभैरव कोरड्या विहिरीत पडलेला होता आणि वरून कोणी तरी शिळा सरकवत होते.

अंबादासराव माझ्याकडे आले. "सर, मोबाईलात बघा की. तितं सगळं असतंय म्हणे."

तिथे नव्हते. मी किंचित दुष्टपणे म्हणालो, "भाग्यश्रीकडे असतील की सगळे अंक."

त्यांनी वाकून चपलेचा अंगठा नीट केला. "कुठल्या तोंडानं मागू? दर टायमाला फोन कापलाय मी. आता तिनं कापला तर?"

चेष्टा करण्याची माझी सगळी तयारी त्या वाक्यापुढे वाया गेली.

आमच्या गॅलऱ्या लागून आहेत, आणि यंत्रमागांनी कान थोडे मंद केल्यामुळे अंबादासरावांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो. बाप-लेक अर्धे तेलुगू, अर्धे मराठी बोलतात. शेजारामुळे मला दोन्ही समजते. त्या संध्याकाळी त्यांनी चाचरत विचारले, "त्या विहिरीचं पुढं काय झालं गं?"

पलीकडून भाग्यश्रीने विचारले, "कापणार नाही ना?"

"नाही."

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी कुकर लावून एकेक अंक वाचून दाखवू लागली. चित्रेही सांगे. "आता बघा नायना, पूर्ण पान काळं. फक्त हात दिसतोय." अंबादासराव "मग गं?" म्हणत. विहिरीतून सुटका झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या जिन्यात कठडा धरून मला ती साभिनय करून दाखवली. लोहभैरवाने लोखंडी हाताची साखळी कुठल्या कपारीत अडकवली, तेसुद्धा.

शेवटच्या अंकाच्या दिवशी मी गॅलरीत खुर्ची टाकून बसलो होतो.

"संपलं, नायना," ती म्हणाली.

"संपलं?" ते घाईघाईने म्हणाले, "ते विहिरीतनं तो बाहेर कसा आला, ते काय नीट कळलं नाय मला. उद्या परत पहिल्यापासनं वाच."

ती हसली नाही. "नायना, पुस्तक राहू द्या. तुम्ही आज काय केलं, ते सांगा."

"माझं काय सांगायचं? रविवारी आठवड्याचं एकदम सांगतो की."

"नको. आजचं आज सांगा."

अंबादासरावांची खुर्ची करकरली. मग ते म्हणाले, "आज... आज दुपारी भाकरी करपली माझी."

मी खुर्ची उचलून आत आणली. मी दार लावेपर्यंत पीठ कुठल्या गिरणीतून आणले इथपर्यंत ते पोहोचले होते, तवा अजून चुलीवर चढायचा होता.