तांदळे सरांचे टायर

आमच्या शाळेत कुणी आलं की ‘या, बसा’ म्हणायची पद्धत आहे. तांदळे सर म्हणतात, ‘पाय उचला.’

एकदा बीडहून विस्तार अधिकारी आले होते. साहेबांना यांनी भर मैदानात एका पायावर उभं केलं. साहेब माझ्या खांद्याचा आधार घेऊन डुलतायत आणि अख्खी चौथी जमिनीला नाक लावून त्यांच्या बुटाच्या जागेचं निरीक्षण करतेय!

“हे अभ्यासक्रमात आहे का हो?” साहेब कळवळले.

“अभ्यासक्रमात नसंल साहेब, पण तुमच्या बुटाखाली हाय.”

साहेब गेल्यावर बोलणी कुणी खाल्ली? मी. मुख्याध्यापक ना मी!

या माणसानं माझं ऑफिस तरी ऑफिस ठेवलंय का? फाइलींच्या कपाटात सापाची कात. खिडकीत सुगरणीचं सोडलेलं घरटं. परवा चहाला कप उचलला, तर हा धावत आला. “सर, तो घेऊ नका! शेणकिडा हाय त्यात.”

“मग मी चहा कशात पिऊ?”

“दुसऱ्या कपात प्या की. त्याची शेणाची गोळी अर्धी झालीय.”

पण या सगळ्यावर कडी म्हणजे टायर. पंक्चरच्या दुकानांतून सायकलचे फाटके टायर गोळा करून यांनी शाळेमागच्या पडीक रानात मांडले. प्रत्येक पोराला एक टायर, त्यावर पांढऱ्या रंगानं त्याचं नाव. दर शनिवारी आपापल्या टायरापाशी बसायचं आणि आत जे उगवेल, सरपटेल, उडून येईल, त्याचं चित्र काढायचं. हा म्हणे जैवविविधतेचा तास. पालक मला विचारायचे, “हेडसर, शाळा बंद करून गॅरेज टाकलं काय?”

दिवाळी झाली. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, आईबापांबरोबर पोरंही ट्रकमध्ये चढली आणि निम्मी शाळा रिकामी झाली. तेवढ्यात सरपंचांनी आनंदाची बातमी आणली. शाळेमागं पेव्हर ब्लॉक मंजूर! मी पेढे मागवले. जेसीबी आला. आणि तांदळे सर रानाच्या मधोमध फतकल मारून बसले.

“मास्तर, उठा की!” सरपंच ओरडले. “पोरं न्हाईत, तर टायर कशाला?”

“पोरं न्हाईत म्हणून तर.”

“उचलून भिंतीला लावा ना. आली की टाका परत.”

“टायर उचलता येतो, सरपंच. त्यातलं वारूळ कसं उचलू?”

माझं डोकं फिरलं. त्यांना दंडाला धरून बाजूला नेलं आणि तोंडाला येईल ते बोललो. मग त्यांनी मोबाइल काढला, आलेला एक निरोप सुरू केला आणि माझ्या कानाला लावला. पाचवीतल्या कविताचा आवाज होता. मागं ट्रॅक्टरची घरघर.

“सर, माझ्या टायरातल्या मुंग्या हायेत ना? कुणाला तिथं बसू देऊ नका. माझी जागा हाय ती.”

“रोज कुणाचा तरी असा निरोप येतो,” सर म्हणाले. “मी टायरापाशी जाऊन बघतो आन् सांगतो.”

“अहो, पण एवढं कशापायी?” चिडलो की माझ्याही तोंडून गावची भाषा निघते.

ते पायानं माती उकरत राहिले.

“मी बी कारखान्यावरच वाढलो, सर. पाचटाच्या कोपीत. तोड संपवून शाळेत यावं, तर माझ्या जागी दुसरंच पोरगं बसलेलं. सरकून बस म्हणायला लई लाज वाटायची. मग दारातच हुबा ऱ्हायचो. कुणी विचारायचं बी न्हाई.”

मी सरपंचांकडं गेलो, त्यांच्या हातात पेढा ठेवला आणि ब्लॉक पुढच्या अंगणात बसवा म्हणालो. त्यांनी मला आणि तांदळे सरांना एकाच नजरेनं बघितलं आणि “दोघं बी सारखेच” म्हणत मोटारसायकलला किक मारली.

जेसीबी वळायला लागला. वळताना त्याचं मागचं चाक कडेच्या एका टायरावर येऊ लागलं आणि मी बेंबीच्या देठापासून ओरडलो,

“अहो, बाजूनं घ्या! तिथं कविता बसते!”

ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला. घाबराघुबरा होऊन तो खाली उतरला आणि चाकाखाली वाकून पोरगी शोधायला लागला.