गोधडीची घडी

सोपानराव सकाळी आमच्याकडे येतात ते चहाला नाही, गोधड्या बघायला. दारात चप्पल काढायची, थेट आतल्या खोलीत डोकवायचं आणि विचारायचं, "मास्तर, घडी कुनी घातली?"

आता मी रिटायर माणूस. माझी गोधडी मी दुपारपर्यंत लोळत ठेवीन नाहीतर डोक्याला गुंडाळीन, यांचं काय जातं? पण ते मान हलवतात. "दोन दिस झालं घडी न्हाई. अंगात कसर हाय तुमच्या." आणि संध्याकाळी मला खरंच ताप भरतो.

ही विद्या त्यांनी उंदरांकडून उचलली. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत ते पांढऱ्या उंदरांचे पिंजरे सांभाळायचे. शनिवारी तेवढे इथं गावाला, डिंगोऱ्याला घरी यायचे. तिथल्या मॅडम उंदरांच्या अंगात गाठ वाढवायच्या आणि तेव्हा मेंदूतली रसायनं नरात नि मादीत वेगवेगळी बदलतात का, ते मोजायच्या. सोपानराव घरटी मोजायचे. संध्याकाळी पिंजऱ्यात कापूस टाकायचा, सकाळी बघायचं. घरटं केलेलं नसलं, तर उंदीर आजारी.

"पर नर आन मादी सारखी नसत्यात," ते सांगतात. "नराला जरा दुखलं की कापूस सोडून कोपऱ्यात. माद्या गाठ घिऊन बी घरटं करत्यात."

"मॅडमच्या मोजण्यातही असंच निघालं होतं का?"

"त्यांचं मोजून व्हायचं व्हतं. म्या डोळ्यानं बघितलेलं सांगतो."

गेल्या महिन्यात असेच आले. माझी गोधडी पसरलेली, बायकोची मात्र कोपऱ्याला कोपरा लावून ठेवलेली. मी म्हणालो, "बघा, सुशीला कशी ठणठणीत आहे." सोपानराव त्या घडीकडे बघत राहिले. मग स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन म्हणाले, "वयनी, कुठं दुखतंय का?"

चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला हे कधी विचारल्याचं आठवत नाही. तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला.

"काखंत गाठ हाय, भाऊ. दिवाळीपासनं."

नारायणगावचा डॉक्टर झाला, तपासणी झाली, मग आठ दिवस नुसती वाट बघणं. त्या आठ दिवसांत दोन्ही गोधड्यांच्या घड्या मी घातल्या, वाकड्यातिकड्या. सुशीला बघून हसायची, मला मात्र रडू यायचं. शेवटी रिपोर्ट आला. साधी चरबीची गाठ निघाली.

पेढे घेऊन मी सोपानरावांकडे धावलो. इतक्या वर्षांत त्यांच्या आतल्या खोलीत पहिल्यांदाच गेलो. खाटेवर त्यांची गोधडी अस्ताव्यस्त पडलेली. मला भारी आनंद झाला. "काय राव, घडी कुणी घालायची?"

पायथ्याशी मात्र दुसरी गोधडी होती, जुन्या लुगड्यांची, चापूनचोपून घडी घातलेली. मी सहज हात पुढे केला.

"ती ऱ्हाऊ द्या, मास्तर," सोपानराव हळू म्हणाले. "आमची मंडळी दवाखान्यात ग्येली, त्या सकाळी तिनं घातलेली घडी हाय. परत आली न्हाई ती. आठवडाभर उंदरांची घरटी तपासायचो, आन आयतवारी हिची घडी बघून म्हनायचो, ब्येस हाय."

मी पेढे खाली ठेवले आणि त्यांच्या गोधडीची दोन टोकं धरली. दुसरी दोन त्यांनी धरली.